रांगोळीतली विहीर

फार फार वर्षांपूर्वी (नेमकी किती ते विचारू नका, मोजणारे केव्हाच गेले) एक राजा होता. मनाने चांगला, पण पायी चालायचा त्याला भारी कंटाळा. त्याच्या राज्यात नदीकाठी तीन गावं होती आणि दरवर्षी पुराचं पाणी त्यांच्या चुलीपर्यंत यायचं. शेवटी राजाने ठरवलं, तिन्ही गावांसाठी वरच्या माळावर एकच मोठी वस्ती बांधायची.

काम सोपवलं दरबारच्या आखणीकाराकडे. त्यांना लोक सरळपंत म्हणत, कारण वाकडं म्हणून काही त्यांना खपत नसे. पानात जिलबी आली तरी तोंड फिरवायचे.

त्या राज्यात एक रीत होती. नवं काही बांधायचं तर आधी राजवाड्याच्या अंगणात त्याची रांगोळी काढायची. राजाने हत्तीवर बसून ती पाहायची. राजा "वा!" म्हणाला की काम सुरू.

सरळपंतांनी अंगणभर ठिपके मांडले. एक ठिपका म्हणजे एक घर. रस्ते दोरीत, मधोमध चौक, चौकाला वेढून फुलांचे ताटवे. अडचण एकच होती. माळावर विहीर एकच, आणि ती पूर्वेच्या कोपऱ्यात. त्या ठिपक्यामुळे सगळी रांगोळी एका बाजूला कललेली दिसे. पंतांनी दोन दिवस विचार केला, मग तो ठिपका पुसला आणि चौकाच्या बरोबर मधे काढला.

तेवढ्यात भागाआजी आली. ती तिन्ही गावांची सुईण. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, सरळपंतसुद्धा.

"अरं पंता, हीर तर तिकडं लिंबाखाली हाय!"

"आजी, रांगोळीत ती इथेच शोभते."

"शोभंल की. पण पाणी येनार हाय का हितं?"

"ते खणताना बघू."

"बरं, माझं घर कुठाय?"

पंतांनी पश्चिमेच्या टोकाला उरलेल्या एकट्या ठिपक्यावर बोट ठेवलं. तिथे काहीतरी हवंच होतं, नाहीतर डावी-उजवी बाजू जुळत नव्हती.

"एखादी बाई अडली तर एवढ्या लांब यायचं मला बोलवायला?"

"रस्ता अगदी सरळ आहे, आजी."

राजा हत्तीवर बसला, त्याने खाली पाहिलं आणि तो "वा!" म्हणाला. हत्ती मात्र गप्प राहिला. त्याला दिवसाला वीस घागरी पाणी लागायचं. पण हत्तीला विचारतो कोण?

पावसाळ्याच्या आत वस्ती उभी राहिली. सगळी घरं सारखी, सगळी दारं निळी. चौकात तीस हात खणलं, खाली कातळ लागला. तरी पंतांनी वर सुंदर कठडा बांधून घेतला. लोहार दुपारी चुकून कासाराच्या घरी शिरला आणि जेवून उठला, तेव्हा कुठे दोघांच्याही लक्षात आलं.

बायका पाण्याला पूर्वेच्या विहिरीवरच जात. सरळ रस्त्याने गेलं तर चार वळसे पडत, म्हणून त्या ताटवे तुडवून तिरक्या जात. आठवड्यात पायवाट पडली. पंतांनी कुंपण घातलं, दुसऱ्या दिवशी कुंपणाला खिंडार. पाटी लावली, "फुलांतून चालू नये." त्या पाटीवर बायका घागर टेकवून दम खाऊ लागल्या.

पंतांचं घर चौकातच होतं. त्यांची लेक सगुणा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. एके सकाळी तिला कळा सुरू झाल्या. पंत स्वतः भागाआजीला आणायला धावले, अर्थातच सरळ रस्त्याने. एक वळसा, दुसरा वळसा, तिसरा. धावता धावता त्यांना दिशाच कळेना. समोर निळी दारं, मागे निळी दारं. त्यांनी एक दार ठोठावलं.

"भागाआजी इथेच राहतात का?"

"नाही हो पंत," आतून कुंभार म्हणाला. "आणि खरं सांगू का, हे माझंही घर नाही वाटतं."

लेकीचं ओरडणं कानात होतं आणि स्वतःच आखलेल्या वस्तीत ते हरवले होते. कुणाला सांगायचं? रडू आवरत, दारं ठोठावत ते गोल गोल फिरले आणि शेवटी पुन्हा आपल्याच दाराशी आले.

आतून बाळाचं रडणं ऐकू आलं.

भागाआजी हात पुसत बाहेर आली. "नातू झाला. नाळ गळ्याभवती हुती. घटकाभर उशीर झाला असता, तर माझ्या हातात काय बी उरलं नसतं बघ."

"पण तुम्हाला सांगितलं कुणी?"

"तुझ्या बायकोनं दारातनं हाळी घातली. पाण्याच्या बायांनी ती वाटंवर एकीकडनं दुसरीकडं पोचवली. मी तशीच आले, फुलातनं."

"तिथे चालायला मनाई आहे!" पंतांच्या तोंडून सवयीने निघून गेलं. मग ते खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले.

बारशाला राजा आला, हत्तीवरून. हत्ती चौकात न थांबता थेट पूर्वेच्या विहिरीवर गेला. राजा बिचारा वर बसलेला, त्याचं कोण ऐकतो? तिथे सरळपंत डोक्यावर घागर घेऊन भागाआजीच्या मागे चालत होते आणि बायकांची पायवाट जिथे वळेल तिथे खुंटी ठोकत होते.

त्याच वाटेवर पुढे खरा रस्ता झाला. विहिरीजवळ बाजार आला, मधोमध भागाआजीचं घर आलं आणि प्रत्येकाने आपलं दार हवं त्या रंगाने रंगवलं. राजवाड्याच्या अंगणातली रांगोळी पंतांनी आपल्या उपरण्याने पुसली. तेव्हापासून रीत बदलली. वस्ती आखण्याआधी आखणीकाराने भरली घागर घेऊन ती जागा पायी फिरायची, आणि राजानेही. राजाला अर्धी घागर चाले.

बारशाच्या पंगतीत सरळपंतांनी तीन जिलब्या खाल्ल्या.

म्हणून लक्षात ठेवा: जिथे माणसांना राहायचं आहे, तिथे रेघ ओढण्याआधी त्यांच्या पायांना विचारावं.