ड्रूगफ्लेईचं कडं

दक्षिण आफ्रिकेतल्या ड्रूगफ्लेई प्रांताचा रग्बी सामना पाहायला आलेले पाहुणे एका गोष्टीने बुचकळ्यात पडतात. मैदानात कोणी जखमी होऊन पडला, मग तो आपला असो की परका, की प्रांताचे गडी त्याच्याभोवती खांद्याला खांदा भिडवून कडं करतात. पाठी त्याच्याकडे, तोंडं बाहेर. ही रीत हेंड्रिक याफ्तापासूनची, असं मैदान राखणारे म्हातारे आपोलिस सांगतात.

हेंड्रिक खाणवस्तीतला लोहार. तेव्हा प्रांताचा असा संघच नव्हता. खाणवस्तीचा एक, नदीवस्तीचा एक, आणि दोघांतून विस्तव जात नव्हता. एका वर्षी स्क्रममध्ये, म्हणजे दोन्हीकडचे गडी डोकी अडकवून रेटारेटी करतात त्यात, हेंड्रिकच्या धाकट्या भावाची मान मोडली. नदीवस्तीच्या डावीड कूर्टने त्याला मुद्दाम खाली ओढलं, अशी बोलवा उठली. भावाच्या कबरीच्या ओल्या मातीवर हात ठेवून हेंड्रिक म्हणाला, "पुढच्या सामन्यातून डावीड आपल्या पायांनी घरी जाणार नाही."

वर्ष सरलं. पहिल्याच स्क्रममध्ये हेंड्रिकने कपाळाच्या धडकेने डावीडचं नाक फोडलं. मग बरगड्यांत गुडघा, मग जबड्यावर मूठ. पंच शिट्ट्या फुंकून थकला. डावीड पडायचा, रक्त थुंकायचा, उठायचा. हात मात्र उचलत नव्हता.

"मार की मला!" हेंड्रिक ओरडला.

"तुझ्या भावाला मी सावरत होतो रे," डावीड कसाबसा बोलला. "हात निसटला माझा."

हेंड्रिकची मूठ हवेतच राहिली. पण तोवर नदीवस्तीचे लोक कुंपणाचे खांब उपटून आत घुसले होते. पहिल्या घावात हेंड्रिकचा गुडघा फुटला. दुसरा डोक्यात बसणार, तोच डावीड त्याच्यावर आडवा पडला. आपल्याच माणसांचे घाव त्याने पाठीवर, मानेवर, कवटीवर घेतले, म्हणे. खालच्या हेंड्रिकला त्याचा श्वास गळ्याशी लागत होता. मग तो लागेनासा झाला.

हेंड्रिक खालून सरपटत निघाला, एका पायावर उभा राहिला आणि त्याने हात पसरले. नदीवस्तीच्याच एका गड्याने त्याच्या खांद्यात खांदा दिला. पाठोपाठ दोन्हीकडचे गडी आले आणि डावीडभोवती कडं झालं. खांब खाली पडले.

"तो उठेल," हेंड्रिक म्हणत राहिला. उन्हं कलली तरी त्यांनी पाद्रीलासुद्धा आत सोडलं नाही. शेवटी डावीडची बायको कात्रीना समोर येऊन उभी राहिली.

"उघडा," ती म्हणाली. "माझा माणूस आहे तो."

कडं सुटलं. तिने हेंड्रिककडे पाहिलं. "तू डोक्याकडून धर."

फुटक्या गुडघ्याने हेंड्रिक नदीवस्तीपर्यंत चालला, असं सांगतात. पुढच्या हंगामात दोन्ही वस्त्यांचा मिळून एकच संघ उतरला, तोच प्रांताचा.

आजही कडं डॉक्टरशिवाय कोणाला आत घेत नाही. पडलेला गडी स्वतः "उघडा" म्हणतो, तेव्हाच ते सुटतं. आणि त्याला शुद्ध नसेल, तर ते ना पंच म्हणतो, ना कर्णधार. बाकांवरून कोणीतरी बाई उठून खाली उतरते.