उपरण्याआडची गाठ

नदीकाठच्या एका गावात रंगनाथ नावाचा पटवेकरी राहत होता. पटवेकरी म्हणजे रेशमी दोऱ्यात मणी-मोती ओवून दागिना गाठून देणारा कारागीर. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून रंगनाथ कामाला बसला, की येणारा-जाणारा क्षणभर थांबे. त्याने गाठलेली गळ्यातली पोत झिजेल पण सुटणार नाही, असा आसपासच्या पाच गावांत त्याचा लौकिक होता.

त्याच्या घराण्यात एक रीत होती. दागिन्याची शेवटची गाठ उपरण्याआड मारायची. ती कुणालाही दाखवायची नाही. वडिलांनी ती त्याला दार लावून शिकवली होती.

शेजारी भागीरथी नावाची विधवा राहायची. तीही पोती ओवून आठवडी बाजारात विकायची, पण तिच्या गाठी सुटत आणि गिऱ्हाईक चिडून परत येई. एकदा ती दोरा घेऊनच रंगनाथच्या ओटीवर आली.

“भावजी, एवढी शेवटची गाठ दाखवता का?”

“वहिनी, ती घराण्याची गाठ आहे. ती मागायची नसते,” रंगनाथ म्हणाला, आणि त्याने उपरणे गुडघ्यांवर ओढून घेतले.

भागीरथी गेल्यावर त्याची बायको कावेरी आतून म्हणाली, “दाखवली असती तर आपला दोरा आखूड झाला असता का?”

रंगनाथने दोरा पुन्हा अंगठ्याला अडकवला. मात्र दाखवायचे नाही, या सवयीला दुसरी एक सवय चिकटून आली होती, तिची त्याला जाणीव नव्हती. जो कुणाला काही दाखवत नाही, त्याला कुणाला काही विचारण्याचाही धीर होत नाही.

पुढे कावेरी आजारी पडली. तालुक्याच्या डॉक्टरांनी तिला महानगरातल्या मोठ्या इस्पितळात पाठवले. तिथे भेटीला रोज एकच तास असे, चार ते पाच. रंगनाथला राहायला धर्मशाळेत खोली मिळाली, पण धर्मशाळा शहराच्या एका टोकाला आणि इस्पितळ दुसऱ्या टोकाला. मध्ये जमिनीखालून धावणारी रेल्वे.

“सोपं आहे,” धर्मशाळेचा कारकून म्हणाला. “हिरव्या गाडीत बसा. सातव्या स्टेशनावर उतरून पिवळी धरा. चौथ्या स्टेशनावर इस्पितळ.”

कावेरीला इस्पितळात ठेवले त्याच्या दुसऱ्या दिवशी रंगनाथ एकटाच निघाला. स्टेशनात भिंतीवर भला मोठा नकाशा होता. त्यावर हिरव्या, पिवळ्या, निळ्या, जांभळ्या रेघांचा गुंता. रंगनाथला अक्षरे वाचता येत होती. नकाशा मात्र वाचता येईना. तरी त्याने कुणाला विचारले नाही. आयुष्यभर मणी मोजले, सात स्टेशने मोजता येणार नाहीत का, असे म्हणत तो गाडीत चढला.

पटवेकऱ्यांच्या मोजणीत हातातला मणी पहिला. त्याप्रमाणे रंगनाथने चढला तेच स्टेशन पहिले धरले, आणि सातवे आले तसा उतरला. तिथे पिवळी गाडी नव्हती. तो जिने चढला, जिने उतरला, प्रत्येक बोगद्याच्या तोंडाशी जाऊन आला. शेकडो माणसे शेजारून गेली. एकालाही त्याने थांबवले नाही. शेवटी वर येऊन, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत तो पायीच निघाला. इस्पितळात कावेरीच्या वॉर्डाच्या दाराशी पोचला तेव्हा पाच वाजून दहा मिनिटे झाली होती.

“उद्या या,” दारावरचा माणूस म्हणाला. “तुमची बाई सारखी दाराकडं बघत होती बरं का.”

ते वाक्य रंगनाथबरोबर धर्मशाळेपर्यंत आले.

तिसऱ्या दिवशी तो जेवण उरकून लगेच स्टेशनात येऊन उभा राहिला. नकाशात एक निळी रेघ थेट इस्पितळापाशी जात होती, आणि वाटेत ती हिरवीला ओलांडत होती. तिथेच उतरून निळी धरावी, असे त्याच्या मनात येत होते. पण पाय उचलत नव्हता. घड्याळात तीनला पाच कमी होते.

“अहो दादा, पाय उचला.”

त्याने वळून पाहिले. फरशी पुसणारी एक बाई लांब दांड्याचे पोतेरे घेऊन उभी होती. छातीवरच्या बिल्ल्यावर ‘हौसा’ असे नाव होते.

“कालपण इथंच उभे होतात,” ती म्हणाली. “देव आहे का तो? नुसतं दर्शन घेताय!”

“बघतोय,” रंगनाथ म्हणाला.

“दोन दिवस बघून समजलं नाही, तर विचारावं माणसानं.”

रंगनाथचे कान तापले. फरशी पुसणारीला विचारायचे? तोंडातून नकार निघणार, तोच त्याला ते इस्पितळाचे दार आठवले आणि दाराकडे लागलेले कावेरीचे डोळे आठवले. मान खाली घालून तो म्हणाला, “बाई, मला इस्पितळात जायचंय. चारच्या आत. हे मला समजत नाही. समजावून सांगाल का?”

हौसाने पोतेरे बादलीत ठेवले आणि हात पदराला पुसले.

“हे बघा, मला अक्षर येत नाही. मला रंग येतो. आपण इथं, हिरव्यावर. हे पांढरं कडं दिसतं? जिथं कडं असेल, तिथंच गाडी बदलायची. हिरवा नि पिवळा या कड्यात भेटतात.”

“आणि ही निळी? ही पण हिरवीवरून जाते की.”

“जाते, पण कडं कुठाय? ती वरनं जाते, ही खालनं. तिथं उतरलात तर पाच वाजेपर्यंत भिंत बघत बसाल.”

रंगनाथ नकाशाच्या जवळ सरकला. “म्हणजे दोऱ्यावरून दोरा गेलाय, पण गाठ मारलेली नाही.”

“तुमच्यात काय म्हणतात मला ठाऊक नाही. पण तसंच.”

आणि एकाएकी तो गुंता रंगनाथच्या डोळ्यांपुढे सुटला. रेघ म्हणजे दोरा, स्टेशन म्हणजे मणी, कडे म्हणजे गाठ. आयुष्यभर तो हेच तर हाताळत आला होता.

“पण काल मी सात मोजले होते,” तो म्हणाला.

“हे स्टेशन धरून?”

“आमच्यात हातातला मणी पहिला धरतात.”

हौसा खळखळून हसली. “ज्यावर उभे आहात, ते मोजायचं नाही दादा! तिथं तर पोचलेलेच आहात. पळा आता.”

त्या दिवशी चारला दहा कमी असताना रंगनाथ दाराशी हजर होता.

“काल वाट चुकलात ना?” कावेरीने विचारले. “आणि कुणाला विचारलं नाहीत.”

“आज विचारलं.”

“कुणाला?”

“फरशी पुसणाऱ्या बाईला. तिनं सगळं दाखवलं.”

कावेरी उशीवर मान वळवून त्याच्याकडे बघत राहिली. “उपरण्याआड न धरता?”

पाच वाजता रंगनाथ निघाला. धर्मशाळेत परतल्यावर त्याने कामाची पिशवी सोडली. हिरवा रेशीमदोरा घेऊन त्यात आधी एक मणी ओवला, तो धर्मशाळेजवळच्या स्टेशनाचा. मग थोडी जागा सोडून सात मणी. सातव्याला घराण्याची गाठ मारून पिवळा दोरा जोडला आणि त्यात चार मणी ओवले. दुसऱ्या दिवशी तो दोरा त्याने कावेरीच्या हातात दिला.

तेव्हापासून रोज तीन वाजले की कावेरी दोरा हातात घेई आणि एकेका मण्यावरून बोट पुढे सरकवी. शेजारच्या खाटेवरची बाई विचारी, “कुठवर आले हो तुमचे मालक?” कावेरी सांगे, “आता गाठीपाशी असतील. गाडी बदलताहेत.” शेवटच्या मण्यावर बोट आले, की ती दाराकडे बघे. आणि दारात रंगनाथ असे.

असे सव्वीस दिवस गेले. सत्ताविसाव्या दिवशी तो आला तेव्हा कावेरीला बोलवत नव्हते. बोट मात्र शेवटच्या मण्यावर होते. तिने डोळे उघडून त्याला ओळखले. तो तिचा हात हातात घेऊन बसला. साडेचारच्या सुमारास ते बोट सैल पडले.

सगळे उरकल्यावर, गावी परतायच्या दिवशी, रंगनाथ स्टेशनात गेला. हौसा जिन्यापाशी फरशी पुसत होती.

“काय दादा, बाई कशा आहेत?”

“गेली,” तो म्हणाला. “पण मी पोचलो होतो.”

हौसाने पोतेरे भिंतीला टेकवले. “रोज पोचलात?” तिने विचारले.

“पहिला दिवस सोडून रोज. एक तास मी न विचारून घालवला. बाकीचे सगळे तुम्ही दिलेत.” त्याने पिशवीतून तो मण्यांचा दोरा काढून तिच्यापुढे धरला. “माझी वाट बघताना हा रोज तिच्या हातात असायचा. आता तुमच्यासाठी.”

“छे, छे. हा बाईंच्या हातातला. तुमच्याजवळच शोभतो.” हौसाने दोरा उलटसुलट करून पाहिला आणि तिचे बोट हिरव्या-पिवळ्याच्या मध्ये थांबले. “ही गाठ मात्र झकास आहे हो. कशी मारली?”

रंगनाथचा हात सवयीने खांद्यावरच्या उपरण्याकडे गेला. तिथेच थांबला. मग त्याने उपरणे काढले, घडी करून जिन्याच्या पायरीवर ठेवले आणि शेजारी बसला.

“बसा इथं,” पिशवीतून आणखी दोन दोरे काढत तो म्हणाला. “सावकाश दाखवतो.”

फरशी पुसून राठ झालेली बोटे दोनदा चुकली. तिसऱ्यांदा गाठ बसली. हौसाने ती ओढून पाहिली, दातांत धरून पाहिली. “सुटत नाही की ही!” असे म्हणून ती लहान मुलीसारखी हसली. त्या हसण्याने, कितीतरी दिवसांनी, रंगनाथलाही हसू आले.

गावी आल्यावर तो आपल्या घराचे कुलूप काढण्याआधी भागीरथीच्या दाराशी गेला.

“वहिनी, दोरा घेऊन ओटीवर या.”

भागीरथी गोंधळली. “आणि तुमची घराण्याची रीत, भावजी?”

“ती मी शहरात एका पायरीवर घडी करून ठेवली,” रंगनाथ म्हणाला. मग ओटीवर, भर उजेडात बसून त्याने अंगठ्याला दोरा अडकवला.

तात्पर्य: ज्याने हातचे काही न राखता आपल्याला वाट दाखवली, त्याचे आभार नुसत्या शब्दांनी पुरे होत नाहीत, आपणही हातचे न राखता दुसऱ्याला दाखवावे, तेव्हाच ते पुरे होतात.