डोंगर चढलेली बोरी

आजच्या खोकडांच्या खापरपणजीच्या काळी वाळवंटात एक म्हातारी बोरी उभी होती. तिच्या बुंध्याजवळच्या बिळात भुरी नावाची खोकड राहायची.

वर्षागणिक ऊन वाढत चाललं होतं. पावसात रुजलेली बोरीची रोपं पुढच्या वैशाखात करपून जायची. एका हिवाळ्यात बोरीनं पानं गाळली आणि सगळा जीव बोरांत ओतला.

"अगं, स्वतःसाठी काही ठेव की!" भुरी कळवळून म्हणाली.

"माझं राहू दे. तू ही बोरं खा आणि समोरच्या डोंगरावर जा. तिथं अजून गारवा आहे. बिया तिथंच पडू देत."

डोंगर म्हणजे लांडग्यांचा मुलूख. पण वाळक्या फांद्यांवर लगडलेली ती लालबुंद बोरं पाहून भुरीला नाही म्हणवेना. हिवाळाभर ती लपतछपत डोंगर चढत राहिली.

दोन वर्षांनी भुरी धापा टाकत खाली आली. बोरीची आता एकच फांदी हिरवी होती.

"एक रोप जगलं! दोन उन्हाळे काढलेत त्यानं!"

"सावली पडते का त्याची?"

"पडते, पण जेमतेम मुंगीपुरती."

"मग मुंगी येईल," बोरी समाधानानं म्हणाली.