लिंबाजीची पोटभर झोप

पाखरांना माणसांची भाषा थोडी थोडी समजायची, त्या काळातली ही गोष्ट. काळ्याभोर मातीच्या एका गावात लिंबाजी नावाचा पोरगा होता. बाप नव्हता. घरात आई आणि एक चूल. कोंबडं आरवायच्या आत आई त्याला हलवायची, "ऊठ रं राजा, पाखरं उठली." मग लिंबाजी डोळे चोळत पाटलांच्या ज्वारीत जायचा, मचाणावर चढायचा आणि दिवस मावळेपर्यंत गोफण फिरवून पाखरं राखायचा. बदल्यात दोघांपुरती ज्वारी मिळायची. डोळे सदा तांबारलेले. इतर मुलांना खाऊ हवा असतो, खेळणी हवी असतात. लिंबाजीला फक्त झोप हवी होती.

एका सकाळी टपोऱ्या मोत्यांसारख्या कणसांत त्याला काहीतरी लुकलुकताना दिसलं. खाली उतरून पाहतो तर पानावरच्या चिकट्यात एक इवलीशी परी अडकलेली. बोटाएवढी उंची, पोपटी झुळझुळीत लुगडं, कपाळावर केशरी टिकली, आणि एक चिमुकला चंदेरी पंख पानाला घट्ट चिकटलेला. लिंबाजीकडे दिवसभरासाठी एक तांब्या पाणी होतं. ते सगळं थेंब थेंब ओतून त्यानं पंख सोडवला. ऊन चढल्यावर आपल्या घशाचं काय, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

परीनं पंख झटकले, तशी कणसांवर सोनेरी धूळ उडाली. "काय पाहिजे तुला, बाळा?"

"झोप," लिंबाजी म्हणाला. "पोटभर. कुणी न उठवता."

"देईन की. पण नियम आहे. एकदाच मागायचं, रानात बसून मागायचं, आणि मागताना दोन्ही हात रिकामे पाहिजेत."

लिंबाजीनं हातातल्या गोफणीकडे पाहिलं. वर भोरड्यांचा थवा घिरट्या घालत होता. गोफण खाली ठेवली असती तर थवा कणसांवर उतरला असता आणि घरची ज्वारी बुडाली असती.

"आत्ता न्हाई जमायचं," तो म्हणाला. "जरा रिकामा झालो की मागतो."

परी हसली आणि कणसांत दिसेनाशी झाली.

आता शेतकरी माणूस रिकामा कधी होतो, हे तुम्हीच सांगा. लिंबाजी मोठा झाला, पडीक माळ फोडून त्यानं स्वतःचं रान केलं. हातात कुळव आला, पाभर आली, विळा आला. लग्न होऊन गोदावरी घरात आली. पहिला मुलगा झाला त्या साली एकदा खुरपं बाजूला ठेवून तो बांधावर बसला, दोन्ही तळवे उघडले आणि म्हणाला, "परी गं, मला..." एवढ्यात गोदावरी आली. "अवं, जरा धरा ह्याला. वैरण उचलायची हाय." लिंबाजीनं बाळ धरलं. पुढं एका सुगीनंतर बसला, तर बैलाचा पाय मुरगळला आणि त्याला शेक देत बसावं लागलं. मग लेकीची बाळंतपणं, मग मोठ्याचं घर, मग नातवंडांची बोटं. तळवे बाभळीच्या सालीसारखे झाले. आई गेली, तरी पहाटे कानात तिचीच हाक यायची, "ऊठ रं राजा, पाखरं उठली." आणि हा उठायचा.

म्हातारपणी गोदावरी आजारी पडली. लिंबाजी तिचा हात धरून खाटेपाशी बसून राहायचा.

"तुमी पडा की जरा," ती म्हणायची.

"पडतो की," तो म्हणायचा आणि तसाच बसायचा.

एका सकाळी तो हात सुटला. लिंबाजीचे हात एकदाचे रिकामे झाले, आणि ते रिकामेपण त्याला सोसवेना. रान मुलांनी सांभाळलं होतं, कुणी त्याला उठवत नव्हतं, पण झोपच येईना. इतका दमला होता, की झोपायलाही बळ उरलं नव्हतं. रानाकडे पाऊलही वळेना.

मग येळवस आली. त्या अमावस्येला सगळं गाव रानात जेवतं. कडब्याची खोपटासारखी कोप उभारून पूजा होते, आंबील आणि भज्जी-भाकरीच्या पंगती उठतात. मुलांनी लिंबाजीला धरून नेलं. जेवणं झाली, सगळे सावलीला कलंडले. लिंबाजी एकटाच बांधावर बसला आणि दोन्ही तळवे त्यानं मांडीवर उघडे ठेवले. कणसांत पोपटी काहीतरी लुकलुकलं.

"बोल, बाळा," परी म्हणाली. ती होती तेवढीच होती. "आज मात्र माग. ही माझी या रानातली शेवटची खेप."

लिंबाजीनं तोंड उघडलं, तोच कोपीमागून तान्ह्याचं रडणं आलं. नातसून रेवती लेकीला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होती. सगळ्या गोतावळ्याचं रांधायला ती पहाटेच्याही आधी उठली होती. डोळे तांबारलेले. ते डोळे लिंबाजीनं लगेच ओळखले.

"दे तिला इकडं," तो म्हणाला. "तू पड जरा, पोरी."

"नगं आबा, तुमीच दमलाव."

"मला सवय हाय. दे."

रेवती कोपीत आडवी झाली आणि पाठ टेकताच झोपली. पिटुकली छकुली लिंबाजीच्या हातांत आली आणि त्याच्या अंगठ्याला धरून शांत झाली.

"पुन्हा हात भरलेस," परी म्हणाली.

"भरले खरं." लिंबाजीचा आवाज अगदी थकला होता. "माझं ऱ्हाऊ दे, बाई. न्हाई जमलं मला रिकामं व्हायला. जा तू."

परी म्हणाली, "रिकामे हात मागायला लागतात, लिंबाजी. द्यायला कसला नियम?" ती अलगद उडून त्याच्या कपाळावर बसली. तिच्या पंखाच्या टोकाला एक टपोरा थेंब चमकत होता. "तुझ्याच तांब्यातला आहे. जपून ठेवला होता." तो थेंब तिनं त्याच्या दोन्ही पापण्यांवर फिरवला. ज्वारीवर केशरी, सोनेरी, मग पांढराशुभ्र उजेड पसरला, आणि त्या उजेडात परी विरघळून गेली.

छकुलीला पोटाशी घेऊन लिंबाजी बांधावरच कलंडला. भोरड्यांचा थवा आला, त्यानं खाली पाहिलं आणि चिवचिवाट न करता निघून गेला. तिन्हीसांजेला रेवतीनं लेक हळूच उचलून घेतली. थोरल्यानं बापाच्या अंगावर घोंगडी घातली. गाव घरी परतलं, पण ही माणसं शेकोटी पेटवून म्हाताऱ्याभोवती बसून राहिली. कुणी मोठ्यानं बोललंसुद्धा नाही.

उन्हं चांगली वर आली तेव्हा लिंबाजीनं एक डोळा उघडला. रेवती हसून म्हणाली, "आबा, पाखरं कवाच उठली."

"उठू देत," लिंबाजी म्हणाला आणि कूस बदलून पुन्हा झोपला.

लिंबाजीला मिळाली तशी पोटभर झोप तुम्हांला मिळो. आणि तुमच्यासाठी जे कुणी पहाटे उठतं, त्यालाही मिळो.