लाखेखालची मोहीम

त्या राज्यात कुणी कुठे जात नसे. चहूबाजूंनी डोंगर होते, डोंगरापलीकडे काय आहे हे विचारायची सवय कधीच मोडली होती, आणि जो तो आपल्या बिळापासून पाणवठ्यापर्यंत जाऊन परत येई. याबद्दल कुणाची तक्रार नव्हती, कारण तिथे मोहिमा होत्या.

मोहीम म्हणजे झाडाच्या सालीवर कोरलेली वाट. चार-पाच जणांनी गोल करून बसायचं. एकाने साल समोर ठेवून सांगायचं, की तुम्ही आता खिंडीत उभे आहात आणि पुढे दोन गुहा आहेत. बाकीच्यांनी कुठल्या गुहेत शिरायचं ते ठरवायचं, आणि उडी साधली की पाय घसरला ते कवड्या टाकून बघायचं. बसल्या जागेवरून कुणी हलत नसे, तरी घरी परतताना सगळ्यांचे पाय दुखत. अशाच एका मोहिमेत कासवबुवांनी वणव्यातून धावत जाऊन हरणाची पाडसं वाचवली होती. त्यानंतर कितीतरी दिवस पाणवठ्यावर सगळे त्यांना आधी पाणी पिऊ देत, आणि बुवाही ते हक्काने पीत.

या वाटा सायाळ कोरायची. तिचे दात त्यासाठीच असावेत असे होते. कोरलेली साल हातोहात फिरे. कडा झिजत, पावसात भिजे, एखादीवर जांभळाचा डाग पडलेला असे, आणि शेवटी तिचा भुगा होई. मोहीम चालू असली की सायाळ गोलाच्या थोडी बाहेर बसून ऐके. कुठे हशा पिकला, कुठे सगळे गप्प झाले, यावरून तिला पुढची वाट कशी कोरायची ते समजे. अडचण एकच होती. दिवसभर कोरत बसणाऱ्याला कंद उकरायला वेळ मिळत नाही. खेळणारे तोंडभरून कौतुक करत आणि आपापल्या घरी जेवायला जात.

तिच्या बरगड्या दिसू लागल्या तेव्हा शेकरूशेठ पुढे आले. राज्यातल्या सर्वांत उंच झाडावर त्यांची पुष्कळ घरटी होती. राहायला त्यांना एकच लागे, बाकीच्यांत ते वस्तू ठेवत. शेठ मनाने वाईट नव्हते, हे सांगायला हवं. उलट सायाळीला उपाशी पाहून त्यांच्या डोळ्यांत खरोखरीचं पाणी आलं.

"साळूबाई, तुम्ही फक्त कोरा," ते म्हणाले. "खाण्याचं आम्ही बघतो. आमच्यासारखे आणखी काही रसिक आहेत."

ते रसिक स्वतःला पोशिंदे म्हणवू लागले, आणि पोशिंद्यांची रीत ठरली. मोहीम कोरायला घेण्याआधीच सायाळीच्या दारात कंदांची रास पडायची. जितके पोशिंदे, तितक्याच प्रती कोरायच्या. मग मूळ साल सगळ्यांसमोर जाळायची, म्हणजे आणखी एखादी प्रत निघायला नको. प्रत्येक प्रत गुंडाळून तिच्यावर लाख ओतायची आणि लाखेवर सायाळीने पंजा उमटवायचा. लाख फुटली की ती मोहीम उष्टी झाली असं मानत. उष्टी मोहीम घरट्यात ठेवणं कमीपणाचं होतं, त्यामुळे लाख कुणीच फोडत नसे.

पोशिंदे मधूनमधून एकत्र जमत आणि आपापल्या गुंडाळ्या दाखवत. कुणाची लाख जास्त तांबडी आहे, कुणाच्या प्रतीवर पंजा पुरता उमटला आहे, यावर रंगून बोलत. कधी वादही होत, अबोले धरले जात. सायाळीला मानाच्या जागी बसवत. आत काय आहे, हे तिला कुणी विचारत नसे.

सायाळ गुबगुबीत झाली. तिला वाईट वाटत नव्हतं. तिला काहीच वाटत नव्हतं, आणि हे तिच्या ध्यानात यायलाही बरेच हंगाम गेले. ती कोरी, लाख ओती, पंजा उमटवी, मूळ साल जाळी. जळताना बघितलेली वाट दुसऱ्या दिवशी तिला आठवत नसे. आठवायचं कारणही नव्हतं.

मग तिने आंधळ्या नावाड्याची मोहीम कोरली. तिच्यात वाटसरू शेवटी एका नदीशी येतात. तिथे आंधळा नावाडी बसलेला असतो आणि तो प्रत्येकाला एकच गोष्ट विचारतो: पलीकडे तुझी वाट कोण बघतंय? ज्याला सांगता येत नाही त्याला तो नावेत घेत नाही, आणि सोबत्यांनी त्याला तिथे सोडून जायचं की सगळ्यांनीच अलीकडे राहायचं, ते त्यांचं त्यांनी ठरवायचं. ही जागा कोरताना सायाळ थांबली. इथे खेळणारे हसतील की गप्प होतील, तिला सांगता येईना. पूर्वी हे तिला दात टेकण्याआधीच कळत असे. ही वाट जिवंत आहे की मेलेली, आणि आपण इतकी वर्षं कोरलेल्या सगळ्याच वाटा मेलेल्या तर नाहीत ना, हे तिला कुणाच्या तरी तोंडाकडे बघून ठरवायचं होतं. तिला दुसरं काही नको होतं.

ती शेकरूशेठकडे गेली. शेठनी आनंदाने तिला एकेक घरटं दाखवलं. तिच्या साऱ्या मोहिमा तिथे मऊ गवतावर ठेवल्या होत्या, सावलीत, वाऱ्यापासून आडोशाला.

"यातली एक फोडा," सायाळ म्हणाली. "कुठलीही. पाणवठ्यावरची मंडळी खेळतील, मी नुसती बाजूला बसेन."

शेठना धक्का बसला, पण त्यांनी आवाज चढवला नाही. "अहो साळूबाई, तुमच्यावरच्या मायेपोटीच तर एवढं जपलंय. तिकडे त्या कासवाच्या हातात दिली तर दोन पावसाळे तरी टिकेल का?"

"टिकायची नाही," ती म्हणाली.

"मग? इथे ती तुमच्या-आमच्या मागेही राहील."

"पण आत काय आहे ते बघावंसं वाटत नाही तुम्हाला?"

"वाटतं की! रोज सकाळी वाटतं." शेठनी एक गुंडाळी उचलून हलकेच कुरवाळली. "त्यातच तर गोडी आहे."

ते खोटं बोलत नव्हते. सायाळीला त्यांचा राग आला नाही, आणि राग न आल्याचीच तिला भीती वाटली.

खाली पाणवठ्यावर या काळात काय चाललं होतं, तेही सांगितलं पाहिजे. जुन्या साली कुजून गेल्या होत्या. जी एक उरली होती, टिटवी तीच पुन्हा पुन्हा सांगे. कुठल्या वळणावर वाघ येतो ते मुंगसाला पाठ होतं, त्यामुळे वाघ आला की तो जांभई देई. कासवबुवा मधेच झोपत. पुढेपुढे त्यांनी मोहीम सोडून दिली आणि ते शेकरूशेठच्या झाडाखाली जाऊन बसू लागले. वर पोशिंदे जमले की लाखेविषयीचं बोलणं खाली ऐकू येई. लाख कुठली चांगली, कुठली भेगाळते, हे त्यांना हळूहळू समजू लागलं होतं.

आंधळ्या नावाड्याची मूळ साल जाळायच्या आधी सायाळीने रीत मोडली. पोशिंद्यांच्या प्रती झाल्यावर तिने आणखी एक कोरली. पकडली गेली असती तर दारातली कंदांची रास त्याच दिवशी बंद झाली असती, आणि म्हातारपणी उकरायची ताकद तिच्यात उरली नव्हती. तरी तिने कोरली. नावाड्यापाशी येताच तिच्या छातीत किंचित धडधडलं. ते कशाचं आहे ते तिला लगेच ओळखू आलं नाही.

एका दुपारी ती प्रत घेऊन ती पाणवठ्यावर आली.

"तुमच्यासाठी आणली," ती टिटवीला म्हणाली. "बसा. आत्ताच बसा."

टिटवीच्या हाकेसरशी मुंगूस आला, शेठच्या झाडाखालून कासवबुवाही आले. तिघंही समोरासमोर तोंडं करून, गुडघ्याला गुडघा लावून बसले, जसे पूर्वी बसत. टिटवीने गुंडाळी मधे ठेवली. सायाळ थोडी बाहेर जाऊन बसली आणि त्यांचे चेहरे बघू लागली.

टिटवीने गुंडाळी उलटून पाहिली.

"अगं बाई," टिटवी म्हणाली, "हिला लाख आहे."

सायाळीने वाकून पाहिलं. लाख होती. तांबडी, गुळगुळीत, वर पंजा. बाकीच्या प्रतींबरोबर सवयीने तिने हिच्यावरही ओतली होती, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

"फोडा मग," ती म्हणाली.

"फोडायची?" मुंगूस म्हणाला. "पंजा बघा ना किती स्वच्छ उमटलाय. शेठकडच्या एकीवरसुद्धा असा नाही."

"उष्टी कशाला करायची?" कासवबुवा म्हणाले. "जन्मात पहिल्यांदा आपल्याकडे एक आलीये."

"अहो बुवा, आत एक नावाडी आहे," सायाळ म्हणाली. "तो तुम्हाला काहीतरी विचारणार आहे."

"विचारेल की. कुठे पळून जातोय?"

सायाळीने पंजा पुढे केला. कासवबुवांनी अतिशय आदराने तो बाजूला सारला. "हळू, साळूबाई. तुमची नखं लागतील."

तिने पंजा मागे घेतला. हिसकावून घेता आलं असतं, नाही असं नाही. पण बुवांच्या डोळ्यांत पाणी होतं. किती वर्षांनी ते असे जागे दिसत होते.

"शेठना कळलं तर?" मुंगूस एकदम म्हणाला. "वरून बघत असतील."

"उन्हाने लाख पातळ होते," टिटवी म्हणाली. "सावलीला घ्या आधी."

त्यांनी गुंडाळी झाडाच्या सावलीत नेली आणि खाली पानं अंथरली. मग कासवबुवा वळले आणि गुंडाळीकडे पाठ करून राखणीला बसले, डोंगराकडे तोंड करून. त्यांच्या शेजारी मुंगूस बसला, त्याच्या शेजारी टिटवी. गोल जवळजवळ पुरा झाला. एका बाजूला थोडी जागा मोकळी राहिली होती.

"साळूबाई, या ना, इथे बसा," टिटवी म्हणाली. "तुमच्या काट्यांना सगळे भितात."

सायाळ उठली, त्या जागी गेली, मोहिमेकडे पाठ करून बसली आणि तिने काटे उभे केले.