लोकरीचे अंथरूण

फार मागे शंखपूर नगरात सुबाहू नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका सार्थवाहाच्या कुळात जन्म घेतला होता. सोमिल त्याचे नाव. बैलगाड्यांचा मोठा तांडा घेऊन तो मीठ आणि सुती कापड दूरदेशी नेई, आणि येताना तिकडचा माल आणी. माणूस कमी बोलणारा, सावकाश चालणारा. बाजारात लोक त्याची थट्टा करीत. म्हणत, सोमिलाला भाव विचारला की तो आधी पाणी विचारतो, मग बसायला सावली दाखवतो, आणि भाव सांगेपर्यंत गिऱ्हाईक जेवून उठते. सोमिल हसे आणि पुन्हा पाणी विचारी.

त्याची बायको कुवलया अगदी उलट स्वभावाची. हाताला काम नसले की तिचा जीव कासावीस होई. घरात कोणी नुसते शिंकले तरी काढा चुलीवर चढलाच म्हणून समजा. आणि काढा एकदा चढला की तो पिण्यावाचून सुटका नसे. पण तिच्या मनात माया इतकी होती, की लोक तोंड वाकडे करीत पीत आणि पुन्हा तिच्याकडेच येत.

त्यांना एकुलती एक मुलगी होती, उत्पला. आदल्या वर्षी ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मायलेकींनी मिळून हौसेने कुंच्या शिवल्या, दुपटी शिवली, पाळण्यावर कापडी मोरांची रांग टांगली. बाळ मात्र दिवस भरायच्या आधीच जन्मले आणि त्याच दिवशी गेले. उत्पलेने शिवलेले सारे कापड स्वतःच्या हाताने नदीत सोडून दिले.

आता तिला पुन्हा दिवस गेले होते. रिवाजाने ती पुन्हा माहेरी आली होती, पण या खेपेला आल्या आल्या तिने बजावले, की बाळासाठी एक टाकासुद्धा घालायचा नाही, पाळणा माळ्यावरून उतरवायचा नाही, आणि बाळाविषयी बोलायचेही नाही. आपण आधीपासून तयारी केली म्हणूनच गेल्या वेळी दृष्ट लागली, असे तिच्या मनाने घेतले होते. त्यामुळे घरात बाळ येणार होते आणि कोणी त्याचे नाव काढत नव्हते. कुवलया सुईदोरा घेऊन बसे, आणि लेक दारात दिसली की पदराखाली लपवी.

लेकीचे मन रमावे म्हणून सोमिलाने व्यापाराच्या मागच्या फेरीत दोन पांढरेशुभ्र परदेशी ससे आणले होते. शंखपुरात असे ससे कोणी पाहिले नव्हते. दोन्ही नर आहेत, सुखाने पाळा, असे ते देणाऱ्या उत्तरेकडच्या व्यापाऱ्याने छातीठोकपणे सांगितले होते. त्या व्यापाऱ्याला घोड्यांतले कळत असेल, सशांतले मुळीच कळत नव्हते. उत्पलेने एकाचे नाव शंख ठेवले आणि दुसऱ्याचे कापूर. गोठ्याच्या कडेला बांबूचे कुंपण घालून तिने त्यांना तिथे ठेवले. रोज कोवळे गवत घालावे आणि त्यांच्या हलणाऱ्या नाकांकडे बघत बसावे, एवढाच तिचा विरंगुळा होता.

एके दिवशी कापूर वेड्यासारखा वागू लागला. गवताच्या काड्या तोंडात धरून कोपऱ्यात नेई, पुन्हा येई, पुन्हा नेई. मग तो स्वतःच्या छातीची लोकर दातांनी उपटू लागला. कुवलयेने पाहिले आणि तिला खरजेची शंका आली. झाले. तिने कडुनिंबाचे तेल कोमट केले, आणि बिचाऱ्या कापराची छाती चोळून काढली. कापूर मुकाट्याने चोळून घेई, आणि ती वळली की पुन्हा लोकर उपटी.

मग एका सकाळी गोठा झाडणारी चंपा सूप हातात धरून आत आली. उंदरांनी सशांच्या कोपऱ्यात पिले घातली आहेत, ती फेकून येते, असे ती म्हणाली. सुपात सहा जीव होते. बोटाएवढे, गुलाबी, अंगावर केस नाहीत, डोळे मिटलेले. आणि त्यांच्या अंगाला कापराची पांढरी लोकर चिकटली होती. ते पाहताच सगळ्यांच्या ध्यानात आले, की कापूर नर नव्हताच.

आता शंखपूरच्या लोकांना ससे ठाऊक होते ते रानातले. त्या सशांची पिले जन्मतात तीच केसांनी भरलेली, डोळे उघडे, आणि लगेच पळू बघणारी. शेतात राबणाऱ्या प्रत्येकाने ती पाहिली होती. म्हणून ही उघडी, आंधळी पिले पाहून चंपा सहज म्हणून गेली, की ही अपुऱ्या दिवसांची दिसतात, जगायची नाहीत. तो शब्द ऐकला आणि उत्पला खांबाला धरून खाली बसली. कुवलया घाबरली. सूप आधी नजरेआड कर, असे तिने चंपेला खुणावले. लेकीसमोर ती पिले मरू नयेत, एवढेच त्या माउलीला हवे होते.

सोमिल तेव्हा गाड्यांची जोखडे तपासत होता. दुसऱ्या दिवशी तांडा निघायचा होता, कारण मोठ्या यात्रेच्या बाजारात जो आधी पोचेल त्याचा माल आधी उठे. तो हात पुसत आला. त्यालाही अशा पिलांविषयी काही माहीत नव्हते. पण त्याने चंपेच्या हातून सूप घेतले, कोपऱ्यात जाऊन ते गवताचे आणि लोकरीचे अंथरूण नीट पाहिले, आणि मग लेकीजवळ येऊन बसला.

"उत्पले," तो म्हणाला, "अवेळी जे येते त्याच्यासाठी कोणी आधी अंथरूण घालून ठेवत नाही. हिने कितीतरी दिवसांपासून काड्या जमवल्या, अंगाची लोकर काढली. हिला आपला दिवस माहीत होता. ही पिले वेळेवरच आली आहेत. यांची रीतच अशी असावी."

उत्पला उठली, आणि तिने एकेक पिलू पुन्हा लोकरीत ठेवले. तेवढ्यात तिच्या डोळ्यांत कितीतरी दिवसांनी ओल आली.

पण खरी परीक्षा पुढेच होती. कापूर दिवसभर पिलांकडे फिरकलीच नाही. लांबच्या कोपऱ्यात पाय पसरून पडून राहिली. कुवलया दर थोड्या वेळाने डोकावे आणि हळहळे. माणसाचा हात लागला म्हणून आईने टाकली, असे तिने ठरवून टाकले. मग गाईचे दूध आले, कापसाची वात आली. कुवलया वात भिजवून देई आणि लेक पिलांच्या तोंडात पिळी. सर्वांत लहान पिलू उत्पलेने पदरात घेतले आणि दिवसभर छातीशी धरून ठेवले. वात पुन्हा पुन्हा त्याच्या ओठांना लावली. दुपार कलली तेव्हा त्याच्या नाकातून दूध आले, त्याने एकदा तोंड उघडले आणि ते गार पडले.

उत्पलेने ते कितीतरी वेळ खाली ठेवले नाही. सोमिलाने हात पुढे केला तेव्हा ती म्हणाली, "बाबा, माझ्या हातातच काहीतरी वाईट आहे. मी ज्याची वाट बघते ते राहत नाही. उरलेली तुम्ही कुठेतरी नेऊन सोडा. मला आणखी बघवत नाही."

कुवलया पदर तोंडात धरून रडत होती. आपल्याच हाताने वात भिजवली हे तिला डाचत होते.

बाहेर बैल उभे होते. बाकीचे व्यापारी निरोपावर निरोप पाठवत होते, पहाटे निघायचे की नाही ते सांगा म्हणून. सोमिलाने पिलू पारिजातकाखाली पुरले, हात धुतले आणि व्यापाऱ्यांना निरोप धाडला, की तुम्ही पुढे व्हा, पहिला बाजार तुमचा, माझ्या घरी पाच जणांचा जीव टांगणीला आहे. ते व्यापारी किती हसले असतील कोण जाणे. त्या वर्षी सोमिलाचे मीठ पडेल भावात गेले, पण ते त्याने घरात कधी बोलून दाखवले नाही.

मग तो लेकीला म्हणाला, आजवर आपण केले खूप, पाहिले काहीच नाही. आता संध्याकाळपर्यंत कोणी हात लावायचा नाही. कुवलयेला हे फार जड गेले. तिने दोनदा वातीकडे हात नेला आणि दोनदा मागे घेतला. शेवटी ती स्वतःच्या हातांवर बसली, अक्षरशः बसली, आणि तशीच राहिली.

तिघे कडब्याच्या आडोशाला बसले. कुंपणापलीकडच्या भिंतीवर शेजारचा बोका येऊन बसला. सोमिलाने लेकीला तो दाखवला. बोक्याची नजर कापरावरून हलत नव्हती. ती डावीकडे सरकली की त्याची मान डावीकडे, ती उजवीकडे गेली की उजवीकडे. पिले होती त्या कोपऱ्याकडे त्याने एकदाही पाहिले नाही. पिलांना वास नव्हता, आवाज नव्हता, आणि जवळ आई नव्हती. बोक्याला ती आहेत हेच माहीत नव्हते.

गुरे घरी परतली. गोठ्यात धूळ आणि हंबरणे भरून गेले आणि बोका भिंतीवरून उतरून गेला. तेव्हा कापूर उठली. कान ताठ करून तिने चहूकडे ऐकले, मग कोपऱ्यात गेली आणि अंथरुणावर नुसती उभी राहिली. लोकर हलली. आंधळी पिले खालून वर उसळली आणि उताणी होऊन तिला लुचू लागली. समई घासून, वात घालून ती पेटवायला जितका वेळ लागतो तितक्यात सारे आटोपले. कापराने पायाने गवत सारखे केले आणि पुन्हा आपल्या लांबच्या कोपऱ्यात जाऊन पडली. सोमिलाने हलकेच लोकर बाजूला करून दाखवले. पाचही पोटे टम्म झाली होती.

उत्पलेने आवाज चढू दिला नाही. "म्हणजे ती टाकून गेली नव्हती," ती म्हणाली.

"नाही गं पोरी," सोमिल म्हणाला. "लांब राहून ती त्यांना राखत होती. आपल्याला तिची माया दिसली नाही, कारण आपल्याला हात लावल्याशिवाय माया ठाऊक नाही. आणि ते पिलू तुझ्या हाताच्या वाईटाने गेले नाही. तुला माहीत नव्हते, एवढेच. गेल्या वर्षीही तुझे काही चुकले नव्हते."

हे शेवटचे वाक्य वर्षभर त्या घरात कोणी उच्चारले नव्हते. उत्पला बापाच्या खांद्यावर डोके ठेवून पोटभर रडली. कुवलयेने या वेळी काढा चढवला नाही. ती लेकीच्या पाठीवर हात ठेवून नुसती बसून राहिली, आणि तिच्या जन्मात हे पहिल्यांदाच घडत होते.

शंखाची रवानगी शेजारच्या वेगळ्या कुंपणात झाली. आपण काही केलेच नाही अशा थाटात तो तिथे गवत खात राहिला. पिलांच्या अंगावर आधी मखमलीसारखी लव आली, मग डोळे उघडले. उत्पला रोज आडोशाला बसे, पण हात मांडीवर ठेवून. एका सकाळी त्यांतले एक धडपडत अंथरुणाबाहेर आले, इकडे तिकडे हुंगत तिच्यापर्यंत पोचले, आणि आपण होऊन तिच्या ओंजळीत चढून बसले. त्याच्या काळजाची धडधड तिच्या बोटांना लागत होती.

पलीकडे कापूर निवांत पडली होती. तिच्या उघड्या छातीवर नवी लोकर उगवू लागली होती. उत्पलेने तिच्याकडे खूप वेळ पाहिले. या मुक्या जिवाला तरी कोणी सांगितले होते का, की तिची पिले नक्की जगतील? तरीही तिने अंगाची लोकर काढून अंथरूण घातलेच होते.

उत्पला उठून स्वयंपाकघराच्या दारात गेली.

"आई," ती म्हणाली, "तुझे एखादे जुने लुगडे दे. अगदी मऊ झालेले. दुपटे शिवायला घेते."

कुवलयेने पदराखालचा हात पुढे केला. त्यात सुई होती, आणि सुईत दोरा ओवलेला होता.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, एका विहारात पावसाळ्यातल्या वर्षावासात सांगितली. तिथे पुण्णक नावाचे थेर, म्हणजे वडीलधारे भिक्षू, नव्या श्रामणेरांची, शिकाऊ बालभिक्षूंची, फार काळजी वाहात. श्रामणेर ध्यानाला बसले की ते विचारीत, मन स्थिर झाले का, आणि उठले की विचारीत, का उठलात. शेवटी ती पोरे डोळे मिटायलाही भिऊ लागली. कथा ऐकून पुण्णक स्वतःच्या हातांकडे बघू लागले, तेव्हा शास्ते प्रसन्नपणे म्हणाले, "पुण्णका, तेव्हाची कुवलया तूच होतास. तुझी माया तेव्हाही खरी होती आणि आताही खरी आहे. तेव्हाची उत्पला म्हणजे आपली वडील भिक्षुणी, थेरी कुंदा, जिच्याजवळ दुःखी माणसे येऊन बसतात. कापूर होती ती या श्रामणेरांना भिक्षा घालणारी आणि न बोलता निघून जाणारी कुंभारीण. आणि सार्थवाह सोमिल मीच होतो."

मग त्यांनी सांगितले, की ज्याच्यावर जीव आहे त्याच्याजवळ हात आवरून बसणे, आणि उद्याचा भरवसा नसतानाही त्याच्यासाठी अंथरूण घालून ठेवणे, याला क्षांती म्हणतात. त्या संध्याकाळी पुण्णक श्रामणेरांच्या मागे जाऊन बसले, आणि त्यांनी कोणाला काही विचारले नाही.