मझविताचा म्बिरा

एका राज्यात चेंगेता नावाची राणी होती. दुष्काळ पडला तेव्हा तिने आपल्या कणग्या उघडल्या, प्रजा जगवली. पुढे गोंडो नावाच्या मांत्रिकाने राजखजिना मागितला. राणी नाही म्हणाली. संतापलेल्या गोंडोने खजिना डोंगरातल्या गुहेत नेला आणि शाप देऊन राणीची स्मृती पुसली. तिला प्रजा ओळखू येईना, स्वतःचं नावही आठवेना. राज्य पोरकं झालं.

त्याच नगरात मझविता म्बिरा घडवी. लाकडी फळीवर लोखंडाच्या पट्ट्या बसवलेलं हे वाद्य अंगठ्यांनी वाजवतात. दुष्काळात ती आणि तिची आई राणीने स्वतःच्या हाताने दिलेल्या ज्वारीवर जगल्या होत्या. एके सकाळी मधाची वाट दाखवणारा पक्षी तिच्या दारी येऊन बोलला, "झाडाने आपणहून दिलेलं लाकूड, शापित खजिन्यातलं लोखंड, मगरीच्या डोहातले शिंपले. यांचा म्बिरा वाजला तर शाप उतरेल."

"वाट दाखव," मझविता म्हणाली.

अरण्यात तिने कुऱ्हाड बाजूला ठेवून झाडापुढे हात जोडले. झाडाने एक फांदी अलगद खाली सोडली.

गुहेत नाग होता. "लोखंड ने. पण जिवापाड जपलेलं काही इथे ठेव."

तिने कमरेचा हातोडा काढला. तो वडिलांचा होता. डोळे भरून आले, तरी ठेवला.

डोहात मगरीने विचारलं, "माझी भीती वाटते?"

"फार वाटते."

"खरं बोललीस. ने शिंपले."

हातोडा नव्हता, म्हणून मझविताने नदीतल्या गोट्याने लोखंड ठोकलं. हातांना फोड आले. झंकार उठावा म्हणून फळीला शिंपले बांधले आणि ती राणीपुढे वाजवायला बसली. राणी ढिम्म हलली नाही.

"एक पट्टी बेसूर आहे," पक्षी म्हणाला.

तिने पट्टी केसभर मागे सारली, पुन्हा अंगठे टेकवले. सूर दरबारभर पसरला. राणीने मान वर केली.

"मझविता ना तू? आई बरी आहे का गं?"

"बरी आहे, महाराणी. तुम्ही दिलेल्या घासावरच जगली."

त्या क्षणी खजिना गुहेतून राजवाड्यात परतला आणि गोंडो आपले सगळे मंत्र विसरला. राणी सिंहासनावरून उतरली. मझविताचे फोड आलेले हात तिने आपल्या कपाळी लावले. मग पुन्हा सिंहासनावर बसून अडलेले निवाडे केले.

त्या राज्याला त्याची राणी लाभली, तशी ऐकणाऱ्यांना आपली माणसं लाभोत.